डागोबा आणि वैखरी

३ फेब्रुवारी, सोमवार

रुग्णालयातून घरी आलो. गाडीतून उतरवून घेताना सून म्हणाली, "सावकाश, बाबा." मी "हो" म्हणालो. म्हणजे ओठ हलले. श्वास मानेच्या तळाशी ठेवलेल्या छिद्रातून निघून गेला आणि कोणालाच काही ऐकू आले नाही. स्वरयंत्र काढून टाकल्यावर असेच होणार, हे शस्त्रक्रियेपूर्वी मला नीट समजावून सांगितले होते. समजणे आणि उमजणे यांतले अंतर मी श्रोत्यांना पुष्कळदा सांगितले आहे. ते आज स्वतः चाललो.

वाणीचे चार प्रकार: परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी. आयुष्यभर व्यासपीठावरून हेच निरूपण केले. वैखरी ही सर्वांत खालची, जिभेवरची, बाजारातली. खरी वाणी ती नव्हेच, असे मी ठासून सांगत असे. आणि ज्या आवाजात ते सांगत असे, तो ऐकायला लोक मागच्या भिंतीला टेकून उभे राहत. आता वैखरी तेवढी कापून काढली आहे. उरलेल्या तिघींचा शोध चालू आहे. अजून एकीचाही पत्ता नाही.

चहा कढत होता. फुंकर घालायला गेलो तर ओठांतून वारा येईना. कपाकडे पाहत बसलो. माझा चहा कढत आहे हे आजवर माझ्याआधी माझ्या पत्नीला, हिला, कळत असे. आज ही समोरच बसली होती. हिने पाहिलेच नाही.

सुनेने पाटी आणि पेन्सिल आणून ठेवली आहे. माझे अक्षर बारीक व मोत्यासारखे असल्याने बराच मजकूर मावतो. हिला लिहून दाखवले, "आपलेच घर परके वाटते आहे." हिने पाटी हातात घेतली, मान डोलावली, "बघते हं," म्हणाली आणि पाटीसकट स्वयंपाकघरात गेली. बऱ्याच वेळाने बाहेर येऊन म्हणाली, "मलाही वाटत होतं हो परकं, तुमच्यावाचून." एका वाक्याच्या उत्तराला एवढा वेळ! पूर्वी मी वाक्य संपवण्याआधीच हिचे उत्तर तयार असे.

६ फेब्रुवारी, गुरुवार

बोलणे शिकवणाऱ्या बाईंकडे गेलो. वयाने माझ्या नातीएवढ्या. त्यांनी विजेरीसारखे एक यंत्र पुढे केले. "आजोबा, हे गळ्याला टेकवायचं, बटण दाबायचं आणि नुसते ओठ हलवायचे. शब्द आपोआप उमटतात. काहीतरी सोपं म्हणा बघू."

पहिला उच्चार देवाच्या नावाचाच असावा, असे मनात आले. टेकवले, दाबले, ओठ हलवले. जे निघाले ते नाम नव्हते. पत्र्याच्या डब्यात कोंडलेल्या भुंग्याची भणभण होती. ना चढ, ना उतार, ना भाव. मी बटण सोडले आणि पाटीवर लिहिले, "या आवाजात नाम घेणे ही विटंबना आहे. आणि ज्या आवाजात नाम घेता येत नाही, त्यात दुसरे बोलायचे तरी काय?"

बाईंनी वाचले आणि त्या म्हणाल्या, "मीठ मागायला तरी येईल की, आजोबा."

सून हसली. मी हसलो नाही. सुनेने यंत्र आपल्या पिशवीत टाकले. तेथेच राहो.

घरी आल्यावर हिने विचारले, "काय म्हणाल्या बाई?" मी पाटी पुढे केली. ही म्हणाली, "ते राहू दे, तुम्ही तोंडानंच सांगा की." आणि लगेच जीभ चावली. इतक्या वर्षांची सवय. मला राग आला नाही. वाईट वाटले.

९ फेब्रुवारी, रविवार

सून ज्या संग्रहालयात कामाला आहे, तेथे जुन्या चित्रपटांची रिळे जपून ठेवतात. तुटलेली जोडणे, बुरशी पुसणे, आखडलेली सरळ करणे, हे तिचे काम. रविवारी सकाळी तेथल्या लहानशा खोलीत येईल त्याला जुनी व्यंगचित्रे दाखवतात. हलणारी, पण मुकी. ध्वनीची सोय झाली त्याच्या आधीची. "घरात कुढत बसू नका," म्हणून तिने आज आम्हा दोघांना ओढून नेले. यंत्र चालवणाऱ्या गृहस्थाला सारे मास्तर म्हणतात. त्याने कोणाला काही शिकवल्याचे ऐकिवात नाही.

असल्या पोरखेळाबद्दल माझे मत कधी चांगले नव्हते. तरी जे पाहिले ते प्रामाणिकपणे नोंदवतो.

पडद्यावर आधी नुसता पांढरा कागद. त्यावर एक खराखुरा हात येतो, हातात दौतीत बुडवलेला टाक. टाकातून शाईचा थेंब पडतो. तो थेंब थरथरतो, त्याला कान फुटतात, पाय फुटतात आणि त्याचा कुत्रा होतो. निर्मितीविषयी एवढे सूत्ररूप विधान मी फार थोड्या ठिकाणी पाहिले आहे. कुत्रा त्या हाताला वाकून नमस्कार करतो आणि दुसऱ्याच क्षणी त्याच्या बोटाला चावतो. हेही खरेच.

पुढे त्याला प्रश्न पडतो. डोक्यावर प्रश्नचिन्ह उमटते. तो ते हाताने उपटतो, उलटे करतो आणि त्याचा गळ करून मासे धरत बसतो! शेपूट काढून काठी म्हणून टेकतो. रस्त्यावरचा रूळ त्याच्यावरून जातो, तो भाकरीसारखा चपटा होतो, मग स्वतःचीच गुंडाळी करून काखेत मारतो आणि चालू लागतो. एकच झाड मागून पुन्हापुन्हा सरकते. चित्रकाराला दुसरे काढायचा कंटाळा आला असावा. त्या कंटाळ्यातसुद्धा एक आनंद आहे. या जगात तुटलेले काही तुटलेले राहत नाही. पाहता पाहता माझा हात मानेवरच्या फडक्याकडे गेला. तेथे अर्थातच सारे होते तसेच होते.

ही मात्र लहान मुलासारखी पुढे वाकून पाहत होती. "अहो, केवढं ठसठशीत! नुसता शाईचा डाग, पण कसा चालतोय! मला अगदी स्वच्छ दिसलं." आणि तिथल्या तिथे हिने त्याचे नाव ठेवले, डागोबा.

"बघा, मी म्हटलं नव्हतं, आई?" सून म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. माझ्या मनाला विरंगुळा मिळावा म्हणून ही मुलगी किती झटते!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

भाजीत मीठ दुप्पट. परवा मुळीच नव्हते. मी ताट सरकवून पाटीवर लिहिले. सून मध्येच म्हणाली, "बाबा, जरा मोठ्या अक्षरात लिहा ना. मी जाड काळं पेन आणि पांढरे कागद आणून देऊ?" माझ्या अक्षराचे कित्ते मुले गिरवीत असत. उत्तर दिले नाही. उत्तर न देणे आता सोपे झाले आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

डागोबा चालता चालता कागदाच्या अशा भागात येतो, जेथे चित्रकाराने जमीन काढलेलीच नाही. तरी तो चालतो. मग खाली पाहतो, आणि भीतीने त्याचे केस उभे राहतात. पडणार, तोच हात येतो आणि त्याच्या पायांखाली एक रेघ ओढतो.

खोलीतली मुले खदखदा हसली. मी पडद्याच्या वरच्या काठाकडे पाहत राहिलो. तो हात इतरांसाठी येतो. जन्मभर मी ज्याची थोरवी गायिली, त्याने माझ्यासाठी रेघ ओढली नाही, उलट होती ती खोडली. हे वाक्य लिहून खोडणार होतो. राहू दिले.

ही हसली ती सगळे हसून झाल्यावर. परत येताना वाटभर मला गोष्ट सांगत होती. "मग तो नदीत पडला, नाही का? आणि ओला झाला." नदी नव्हतीच, पिठाचे पोते होते. मी मान हलवून नाही म्हटले; हिने ऐकले नाही, म्हणजे पाहिले नाही. पुन्हा नदीच. वय कोणाला चुकले आहे? हिची बुद्धी शाबूत असावी, एवढीच प्रार्थना. मुकी, तेव्हा पोहोचत असेल की नाही कोण जाणे.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सून कामावर गेली होती. घरात आम्ही दोघेच. सकाळपासून पोथी उघडून बसलो होतो. ज्या ओळींनी इतरांच्या शोकाचे सांत्वन केले, त्या एकेक करून स्वतःला लावून पाहिल्या. दुसऱ्याचे अंगरखे, एकही अंगात जाईना.

दुपारी पाटी घेतली आणि जे कोणापुढेही कधी बोललो नसतो ते लिहिले. "मला आता जगावेसे वाटत नाही." हिच्या हातात दिली.

हिने पाटी धरली, थोडा वेळ तिच्याकडे तोंड करून उभी राहिली, माझ्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, "हो हो, करते थोड्या वेळानं. आधी हे कपडे आवरते."

आणि आत निघून गेली.

मी पाटी पुसली. आणखी काय लिहू?

२ मार्च, रविवार

जायचे नव्हते, पण हिने हट्ट धरला. आज पडद्यावर शेवटचे काळे वर्तुळ मिटत जाऊन डागोबा नाहीसा झाला, पुढचे रीळ चढवेपर्यंत नुसता पांढरा उजेड राहिला, आणि ही त्या रिकाम्या उजेडाकडे पाहून मोठ्याने हसली.

मास्तर मागून म्हणाला, "वहिनी, तुमच्यासारखं गिऱ्हाईक पाहिजे. चित्र नसलं तरी पैसे वसूल!"

"तुमचा दिवाच विनोदी आहे, मास्तर," ही म्हणाली. सगळे हसले. मला लाज वाटली. मंगळवारपासून मी हिला पाटी दिलेली नाही. हिने मागितलीही नाही.

७ मार्च, शुक्रवार

काही नाही.

११ मार्च, मंगळवार

सकाळी हिला एक साधी गोष्ट सांगायची होती, की माझी औषधे संपली आहेत. लिहिले. अक्षर बिघडले म्हणून ओल्या फडक्याने पुसले. तेवढ्यात ही समोर आली आणि सवयीने मी पाटी पुढे केली. कोरी.

हिने कोरी पाटी हातात घेतली. डोळे बारीक करून पाहिली. "बरं बरं, तसंच करू," म्हणाली.

अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे वाचायचीही तसदी नको! मी काय लिहितो याला एवढीच किंमत! पाटी ओढून घेतली, तरातरा स्वयंपाकघरात गेलो आणि सुनेपुढे लिहिले, "तुझ्या सासूला माझे शब्द नकोसे झाले आहेत. कोऱ्या पाटीलाही ती हो म्हणते."

सुनेने वाचले. हातातले भांडे खाली ठेवले आणि दार लोटले.

"बाबा, आईंना दिसत नाही."

मी पाहत राहिलो.

"वर्षभर कमी होत होतं. काचबिंदू. कळलं तेव्हा उशीर झाला होता, नस वाळत गेलीय म्हणाले. आणि त्याच आठवड्यात तुमच्या गळ्याचं निघालं. आईंनी मला शपथ घातली. म्हणाल्या, 'त्यांना एका वेळी एकच दुःख पुरे.' तुम्ही पाटी दिलीत की त्या ती माझ्याकडे आणतात. मी कानात वाचून दाखवते."

मी लिहिले, "तू घरात नसताना?"

"तेव्हा काहीतरी अंदाजानं बोलतात," ती म्हणाली. "बहुतेक वेळा जमतं. का, बाबा? काही लिहिलं होतं?"

मी मान हलवली. काही नाही.

मग विचारले, "रविवारची चित्रे?"

"ती आईंसाठीच. डॉक्टर म्हणाले होते, पांढऱ्यावर काळं, जाड, हलणारं असं काही असलं तर तेवढं दिसेल अजून थोडे दिवस. म्हटलं, अशी तर आमच्याकडे कपाटंच्या कपाटं आहेत." ती पदराने डोळे पुसू लागली. "आता तेही जात चाललंय, बाबा. गेल्या रविवारी मला म्हणाल्या, डागोबा धुक्यात गेला."

१५ मार्च, शनिवार

चार वाणींचे निरूपण करताना पश्यंतीचा अर्थ मी 'पाहणारी' असा सांगत असे. शब्द उच्चारण्याआधी तो नुसता दिसतो, ती अवस्था. किती सुरेख सांगत असे! आणि माझ्याच घरात, माझ्याच ताटात दोनदा मीठ पडते आणि मला दिसत नाही. आंधळे कोण, हा प्रश्न आता शास्त्राचा राहिलेला नाही.

एक मुका आणि एक आंधळी. मी लिहितो, ती वाचू शकत नाही. ती विचारते, मी सांगू शकत नाही. मधे एक मुलगी दोघांची टपालवाली म्हणून धावते आहे, आणि तिलाही एक दिवस दमायला होईल.

सुनेने आज न विचारता ते यंत्र माझ्या उशाशी ठेवले. मी जाणतो तिला काय म्हणायचे आहे. पण आता मला दुसरीच भीती आहे, आणि ती नामाच्या विटंबनेपेक्षा मोठी आहे.

हिने मला आधी पाहिले नव्हते, ऐकले होते. मी नवखा होतो, सभागृहात जागा नव्हती, ही बाहेर पायरीवर उभी राहून ऐकत होती. हे हिनेच सांगितले आहे, एकदा नव्हे, आणि दरवेळी लाजून. आता हिला माझा चेहरा दिसत नाही. हिच्या अंधारात माझा तो जुना आवाज तेवढा शाबूत असेल. मी गप्प राहिलो तर तो तसाच राहील. मी त्या भुंग्याने बोललो, तर हिच्यासाठी मी शेवटपर्यंत भुंगाच. बोलणे म्हणजे माझ्याच हाताने तो आवाज हिच्या कानांतून पुसणे.

देवाला विचारले. नेहमीप्रमाणे दोघेही गप्प.

२३ मार्च, रविवार

जे घडले ते क्रमाने लिहितो.

सकाळी ही स्वतःहून तयार होऊन बसली. सुनेला संग्रहालयात दुसऱ्या मजल्यावर काम होते. तिने आम्हाला खुर्च्यांवर बसवले आणि गेली. पाऊस पडत असल्याने मुले आली नव्हती. खोलीत मी, ही आणि मागे मास्तर. यंत्र माझ्या खिशात होते. ते मी का घेतले, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते असे लिहिणे खोटे ठरेल.

दिवा लागला, मास्तरच्या यंत्राची खडखड सुरू झाली. कागद, हात, थेंब. ही नेहमीसारखी पुढे वाकली. काही वेळ थांबली. मग आणखी पुढे वाकली. हसली नाही.

"मास्तर, आज रीळ फार पुसट आहे का हो?" हिने विचारले.

मास्तरने माझ्याकडे पाहिले. "हं, वहिनी. जुनं आहे."

"तरीच." ही मागे टेकली. हात मांडीवर जुळवले. थोड्या वेळाने माझ्या बाजूला वळून अगदी हळू म्हणाली, "तुम्ही बघा हं. माझ्यासाठी थांबू नका."

मी यंत्र काढले. फडक्याच्या वरच्या बाजूला टेकवले.

"कुत्रा," भुंगा म्हणाला.

ही दचकली. "अगंबाई! बोलायला लागला वाटतं डागोबा!"

मास्तर मागे काही बोलणार होता. मी हात वर केला, तसा गप्प झाला. पडद्यावर डागोबा शिडी चढत होता. "शिडी. चढतो," मी म्हणालो. "चंद्र. तोडला."

"आणि?" ही पडद्याला विचारत होती.

"खाल्ला. पोट. उजळलं."

ही खळखळून हसली. किती दिवसांनी, आणि योग्य जागी! "काय मेल्याचा आवाज! भोपळ्यात माशी अडकल्यासारखा. पण शोभतो हो त्याला." मग माझ्याकडे वळली. "ऐकताय ना? असलं बोलतं चित्र तुमच्यासारख्याला काय आवडणार म्हणा."

तेथे थांबता आले असते. तिच्यासाठी तो कुत्रा राहिलो असतो, आणि माझा आवाज पायरीवर उभ्या असलेल्या त्या मुलीपाशी सुरक्षित राहिला असता. पण ही मला सांगत होती, आणि मला उत्तर द्यायचे होते.

"अगं," मी म्हणालो. "मी."

हसू थांबले. मास्तरच्या यंत्राची खडखड तेवढी चालू होती. हिने हात पुढे केला. आधी तो माझ्या खांद्याला लागला, मग हनुवटीला, मग गळ्यावरच्या यंत्राला. बोटे तेथेच राहिली. मी काहीतरी बोलायला हवे म्हणून पुन्हा "मी" म्हणालो, आणि ती थरथर हिच्या बोटांना लागली असावी, कारण हिने हात झटकन मागे घेतला.

मी बटण सोडले. जुना आवाज गेला, हे मला कळले. तो जाताना पाहणारा मीच होतो.

पडद्यावर काळे वर्तुळ लहान लहान होत मिटले. रीळ संपले. पांढरा उजेड राहिला. मास्तर पुढचे रीळ लावायला उठला नाही. दार हळूच लोटून बाहेर गेला.

 मग ही पडद्याकडे तोंड करून, घसा साफ करून म्हणाली, "थांबलात का? कुठं आहे तो आता?"

मी पडद्याकडे पाहिले. तेथे काही नव्हते. पुन्हा यंत्र टेकवले.

"चालतोय."

"कुठं निघालाय?"

मला ठाऊक नव्हते. "इकडेच. येतोय," मी म्हणालो.

हिने पलीकडच्या खुर्चीवर चाचपडून तिथली आपली पिशवी उचलली आणि त्याला बसायला जागा करून ती मांडीवर घेतली.